संत मार्टिनच्या हातातला झाडू

आमच्या शाळेच्या जिन्यात संतांच्या तसबिरी आहेत. संत अँथनींच्या हातात बाळ येशू आणि लिलीचं फूल, छोट्या तेरेजाच्या हातात गुलाब, फ्रान्सिस झेवियरच्या हातात क्रूस. वळणावरची तसबीर संत मार्टिन दे पोरेस यांची. काळा माणूस, पांढरा झगा, वरून काळं वस्त्र, पायाशी एकाच ताटलीत खाणारे कुत्रा, मांजर आणि उंदीर, आणि हातात झाडू. खाली पट्टी आहे : ‘नम्रतेचा आदर्श’.

३ नोव्हेंबर हा त्यांचा सण. तो बहुतेक वेळा दिवाळीच्या सुट्टीत जातो, म्हणून शाळा उघडली की मूल्यशिक्षणाच्या पहिल्याच तासाला मी सातवीला त्यांची गोष्ट सांगते. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, “टीचर, बाकी सगळ्यांच्या हातात फुलं नाहीतर क्रूस. ह्यांच्याच हातात झाडू का?” माझं उत्तर तयारच होतं. “कारण ते फार नम्र होते. कुठलंही काम त्यांना हलकं वाटत नसे.”

तिसऱ्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याची आई सफाईच्या कंत्राटात काम करते. पहाटे हजेरी लावायची आणि दुपारपर्यंत रस्ते झाडायचे. कधी डबा विसरला तर ती अंगावरच्या चमकत्या पट्ट्यांच्या जाकिटातच फाटकाशी येते, त्यामुळे ती काय करते हे वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे. मी ‘नम्र’ म्हणाले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी त्याच्या पाठीला पेनाचं टोक लावलं आणि काहीतरी पुटपुटलं. तो वळला नाही. वहीच्या समासात उभ्या रेघा ओढत राहिला, इतक्या दाबून की पुढच्या पानावर वळ उठले असतील. मी ते पाहिलं आणि पुढचा मुद्दा फळ्यावर लिहायला वळले.

त्या दिवशी मी त्या मुलीला अर्धंच उत्तर दिलं, आणि उरलेलं अर्धं मला माहीत होतं, हे जास्त वाईट. मार्टिन १५७९ साली पेरूमधल्या लिमा शहरात जन्मले. वडील स्पॅनिश सरदार घराण्यातले, आई गुलामगिरीतून सुटलेली काळी स्त्री. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत वडिलांचं नाव लागलं नाही. पंधराएक वर्षांचे असताना ते डॉमिनिकन मठात गेले. त्या काळी तिथे नियम होता की आफ्रिकी किंवा मूळ रहिवाशांचं रक्त असलेल्या माणसाला संन्यासी संघाचा पूर्ण सदस्य होता येणार नाही. म्हणून त्यांना मठाचा सेवक करून घेतलं. झाडणं, धुणं, आजाऱ्यांचं करणं, आणि त्याच्या बदल्यात अंगावर झगा. त्यांना शस्त्रवैद्याचं काम येत होतं, पुढे मठाचा दवाखाना त्यांनीच सांभाळला, आणि कितीतरी वर्षांनी नियम बाजूला ठेवून त्यांना व्रतं घेऊ दिली. त्यांची नम्रता खरी होती, त्याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. पण झाडू त्यांच्या हाती आला तो नियमाने. तो नियम आपल्याच चर्चमधल्या माणसांनी चालवला होता, आणि जिन्यातली पट्टी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

त्यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. मठावर कर्ज झालं तेव्हा ते वरिष्ठांना म्हणाले, मला विका, मी तरी या मठाच्या काय उपयोगाचा. मुलांना ही गोष्ट फार आवडते. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, १८३८ साली, अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी जॉर्जटाउनचं त्यांचं कॉलेज कर्जातून सोडवायला २७२ काळ्या माणसांना खरोखरच विकलं. बायका, पोरं, म्हातारी माणसं, बहुतेक सगळी लुइझियानाच्या मळ्यांवर. २०१७ साली त्याबद्दल जाहीर माफी मागितली गेली. एक गोष्ट त्यागाची म्हणून सांगायची आणि दुसरी सांगायचीच नाही, तर त्या तासाला मूल्यशिक्षण कसं म्हणायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे. कॅथलिक शाळेत वर्णद्वेष आणि त्याचा आपल्या घरचा सख्खा भाऊ, जातिभेद, हे दोन्ही नाव घेऊन शिकवले पाहिजेत. ते धर्मशिक्षणाचा भाग म्हणून शिकवले पाहिजेत, आणि सुरुवात आपल्या अंगणातून केली पाहिजे.

स्टाफरूममध्ये हे काढलं की पहिलं उत्तर येतं, वर्णद्वेष हे अमेरिकेचं दुखणं, ते इथे कशाला. मराठी माणसाने तरी हे म्हणू नये. महात्मा फुले पुण्याच्या मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केली. शूद्रातिशूद्रांचं दुःख आणि तिकडच्या गुलामांचं दुःख त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी एका ओळीत बसवलं. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्हीकडचं साम्य मांडलं. १९७२ साली आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नावच मुळी तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. इतिहासाच्या तासाला मलिक अंबर येतो, गनिमी कावा आणि जमिनीची मोजणी यांसाठी. इथिओपियात जन्मलेलं एक पोर गुलाम म्हणून हातोहात विकलं गेलं, दख्खनमध्ये आलं आणि निजामशाहीचा कारभारी झालं, यावर आपण वर्गात दोन मिनिटंही थांबत नाही. मुलांना तो काळा होता हेच माहीत नसतं.

आणि दुखणं इथलं आहेच. माझी बहीण नवी मुंबईत राहते. एका नाताळला मी तिच्या चर्चमध्ये मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला, गेले होते. गर्दी एवढी की माणसं दारापर्यंत उभी. मधल्या एका बाकावर आफ्रिकेतून आलेलं एक कुटुंब बसलं होतं, आई-वडील आणि दोन मुलं; धाकटीच्या वेण्यांना सोनेरी मणी. त्यांच्या दोन्ही बाजूंना मिळून तीन माणसांची जागा रिकामी होती. एक काकू बाकापर्यंत आल्या, त्यांनी पाहिलं, आणि त्या पुढे जाऊन खांबाला टेकून उभ्या राहिल्या. त्याच मिस्सात आम्ही सगळ्यांनी गायलं की तारणारा सर्वांसाठी जन्मला. बहिणीने मला कोपराने ढोसलं आणि आम्ही दोघी जाऊन त्या बाकावर बसलो. त्यात काही मोठेपणा नव्हता, आम्हाला बसायला जागा हवी होती. प्रवचन सुरू झालं तेव्हा ती धाकटी माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती.

आमच्या वर्गातही ईशान्येकडची मुलं येतात. वडिलांची बदली झालेली, कुणाची आई नर्स. त्यांना पहिल्या आठवड्यात ‘चायना’ हे नाव पडतं, आणि २०२० नंतर काही दिवस ‘कोरोना’ पडलं होतं. पोरांची थट्टा म्हणून आपण सोडून देतो. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत लाजपतनगरला अरुणाचलच्या निडो तानियाच्या केसांची अशीच थट्टा झाली, भांडण वाढलं, मारहाण झाली आणि विशीतला तो मुलगा मेला. त्यानंतर सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने जे सांगितलं त्यात एक गोष्ट शाळांसाठी होती : ईशान्य भारताचा इतिहास आणि संस्कृती अभ्यासक्रमात आणा. कॅथलिक शाळांना त्यासाठी अभ्यासक्रम बदलायची वाट पाहावी लागत नाही. मिझोराम, नागालँड, मेघालय इथल्या ख्रिस्ती समाजाबद्दल आम्ही नकाशा लावून दहा तास बोलू शकतो. आम्ही एकही तास बोलत नाही.

आता अंगणाकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. आमच्या समाजाच्या लग्नाच्या जाहिरातींत ‘आर. सी. (रोमन कॅथलिक) ब्राह्मण’ आणि ‘गोरी’ हे शब्द आजही सर्रास येतात. गोव्यात चर्चमधली मंडळं जातीजातींनुसार चालत आली. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीला मेलपुदूरच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवायला भिंत बांधलेली आहे. मेलेल्या माणसांच्या मधे भिंत! पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००३ साली तामिळनाडूच्या बिशपांना स्पष्ट सांगितलं होतं की ख्रिस्ती माणसांत जातीच्या पूर्वग्रहाची सावलीसुद्धा चालणार नाही. २०१६ च्या डिसेंबरात भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचं आपलं धोरण जाहीर केलं आणि त्यात चर्चमध्ये अस्पृश्यता आणि भेदभाव आहे हे लेखी कबूल केलं. मला त्या कागदाचा अभिमान वाटतो. कबुली देणं हे आमच्या धर्मात कमीपणाचं काम मानलेलं नाही, संस्कार मानला आहे. पण तो कागद शाळांपर्यंत उतरला नाही. ठाण्यातल्या किती कॅटेकिझम टीचर्सनी, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्यांनी, तो वाचलाय हे विचारून पाहा. मीही तो आल्यावर तीन वर्षांनी वाचला.

एक विसंगती मला झोपू देत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिश्चन आजही बाहेर आहेत. आमचे बिशप वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की हा अन्याय आहे, बाप्तिस्मा घेतल्याने समाज माणसाची जात विसरत नाही, भेदभाव तसाच चालू राहतो. मला हे शंभर टक्के पटतं. पण मग दिल्लीत सरकारपुढे ‘आमच्यात जात आहे, तिचे चटके बसतात’ असं सांगायचं आणि ठाण्यात वर्गात ‘आपल्यात जातबीत काही नसते, आपण सगळे देवाची लेकरं’ असं शिकवायचं, हे कसं जमायचं? मुलं दोन्ही ऐकतात. घरी आजी आडनावावरून गाव आणि गावावरून जात काढते, तेही ऐकतात. खोटं कोण बोलतंय हे त्यांना कळतं.

आता ज्यांचा विरोध मी गंभीरपणे घेते त्यांच्याबद्दल. अमेरिकेतल्या कॅथलिकांत या प्रश्नावर गेली काही वर्षं मोठा वाद चालू आहे. २०२० साली जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, त्यानंतर शाळांतून वर्णद्वेष कसा शिकवावा यावर रान उठलं, काही राज्यांनी तर असं शिकवण्यावर कायद्याने बंधनं घातली. लॉस एंजेलिसचे आर्चबिशप होसे गोमेज हे स्वतः मेक्सिकोत जन्मलेले. २०२१ साली त्यांनी इशारा दिला की सामाजिक न्यायाच्या काही नव्या चळवळी धर्माची जागा घेऊ पाहताहेत. त्यांच्यात पाप आहे पण क्षमा नाही, माणसांची वाटणी आहे पण समेट नाही. वांशिक विषमता समाजात खोल रुजली आहे हेही त्याच भाषणात त्यांनी मान्य केलं होतं. अनेक पालकांची भीती अशीच आहे : वर्गात पोरांचे दोन ढीग कराल, हे जुलमी आणि हे पीडित, आणि आठ वर्षांच्या पोराला पणजोबाच्या पापाची लाज वाटायला लावाल. ही भीती पोकळ नाही. तशी शिकवणी मीही माझ्या वर्गात येऊ देणार नाही.

पण त्यावरचा उपाय गप्प बसणं हा कसा असेल? उपाय आमच्याच घरात आहे. प्रत्येक मिस्साच्या सुरुवातीला आम्ही छातीवर हात मारून कबूल करतो की विचाराने, शब्दाने, कृतीने आणि जे करायला हवं होतं ते न करण्यानेही आम्ही पाप केलं. यातलं शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. ती तीन माणसांची जागा रिकामी ठेवणाऱ्यांपैकी कुणीही त्या कुटुंबाला वाईट शब्द बोललं नव्हतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या पत्रात ‘पापाच्या रचना’ हा शब्द वापरला : माणसांच्या पापांतूनच त्या उभ्या राहतात, पण एकदा उभ्या राहिल्या की त्या घट्ट होतात, पसरतात आणि नव्या पापांना जन्म देतात. लिमाच्या मठातला तो नियम अशीच रचना होती. तो पाळणारा प्रत्येक धर्मगुरू दुष्ट असायची गरज नव्हती. मुलांना हे समजावणं अवघड नाही. कबुलीजबाबाला जाण्याआधी विवेकपरीक्षा करायला आपण त्यांना तिसरी-चौथीपासून शिकवतो. आधी काय घडलं ते आठवायचं, मग वाईट वाटू द्यायचं, मग बोलायचं, मग भरपाई करायची, आणि शेवटी क्षमा असतेच. हाच क्रम इतिहासाला लावायचा. यात कुणाला आयुष्यभर अपराधी म्हणून उभं करायचं नसतं, आणि ‘झालं गेलं सोडा’ असंही म्हणता येत नाही. २००० साली पोपनी स्वतः रोममध्ये मिस्सात चर्चच्या माणसांच्या हातून घडलेल्या पापांची जाहीर क्षमा मागितली, तेव्हा हेच केलं होतं.

आमच्याकडे धैर्याचीही परंपरा आहे, ती तरी शिकवा. अमेरिकेतल्या सेंट लुइसचे आर्चबिशप रिटर यांनी १९४७ साली आपल्या धर्मप्रांतातल्या शाळांत गोरी आणि काळी मुलं एकत्र बसवली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल यायच्या सात वर्षं आधी. पालक कोर्टात जायला निघाले तेव्हा त्यांनी धर्मबहिष्काराचा इशारा दिला. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप रमेल यांनी १९६२ साली तोच निर्णय घेतला आणि आड येणाऱ्या तिघांना खरोखर बहिष्कृत केलं. तो महिना होता एप्रिल. पुढच्याच महिन्यात, ६ मे १९६२ रोजी, रोममध्ये मार्टिन दे पोरेस यांना संतपद दिलं गेलं. दोन्ही बातम्या त्या वर्षी कुणीतरी तीन आठवड्यांच्या आत वर्तमानपत्रांत वाचल्या असतील, असं मला नेहमी वाटतं. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर वंश, रंग, सामाजिक स्थिती, भाषा, धर्म यांवरून होणारा भेदभाव देवाच्या इच्छेविरुद्ध आहे म्हणून तो मोडून काढा असं लिहून ठेवलं. ‘सामाजिक स्थिती’ हे शब्द वाचताना भारतातल्या माणसाने जात वाचायची नाही तर काय वाचायचं?

“मुलं निरागस असतात, त्यांच्या डोक्यात कशाला घालता?” असं पालक म्हणतात. त्यांच्या मायेवर मी शंका घेत नाही. पण पाठीत टोचलेलं पेन निरागस नव्हतं, आणि ज्याला टोचलं तो निरागस राहिला नाही. गप्प राहून आपण फक्त टोचणाऱ्याची निरागसता जपतो. २०१९ च्या मे महिन्यात ठाण्यात ढोकाळीच्या एका गृहसंकुलात सांडपाण्याची टाकी साफ करायला उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. आमच्या शाळेतली कितीतरी मुलं तशाच संकुलांत राहतात. अशा टाकीत कोण उतरतं, कायद्याने बंदी असूनही का उतरतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच जातींची माणसं का उतरतात, हे सातवीच्या मुलाला विचारता येत नसेल तर मग त्याला मार्टिनची गोष्टही सांगू नये.

दुसरी भीती सांगितली जाते ती दबक्या आवाजात. आपण अल्पसंख्य, दिवस नाजूक, आपल्याच घरातली घाण चव्हाट्यावर कशाला. ही भीती मलाही आहे, मी ती रोज घेऊन शाळेत येते. पण अल्पसंख्य म्हणून घटनेच्या ३० व्या कलमाने आम्हाला शाळा आमच्या पद्धतीने चालवायचा हक्क दिला तो आमचं वेगळेपण जपायला, आणि आमचं वेगळेपण जर शुभवर्तमानात नसेल तर ते आहे कशात, इंग्रजीच्या उच्चारांत? शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के गरीब मुलांच्या प्रवेशापासून सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अल्पसंख्याक शाळांना मोकळीक दिली. त्या निकालाचा फेरविचार व्हावा असं २०२५ मध्ये न्यायालयातच म्हटलं गेलं, पुढचं न्यायालय पाहील. पण ज्या मोकळिकीमुळे येऊरच्या पाड्यावरचं वारली पोर आमच्या फाटकाबाहेर राहतं, ती मोकळीक वापरलीच पाहिजे असं कुठल्या धर्मग्रंथात लिहिलंय? आपण होऊन दार उघडायला कुणी मनाई केलेली नाही. वर्णद्वेषावरचा सर्वांत चांगला धडा म्हणजे वर्गातली हजेरी. एकाच थरातली, एकाच रंगाढंगाची चाळीस मुलं समोर बसवून समतेवर कितीही सुंदर बोललं, तरी मुलं शिकतात ते बाकांवरूनच.

मला काय हवं आहे ते सांगते, ते फार नाही. आमच्याकडे तो तास आला की वर्ग दोन होतो, कॅथलिक मुलं कॅटेकिझमला आणि बाकीची मूल्यशिक्षणाला. वर्षातले निदान सहा तास दोघांना एकत्र बसवा. त्यांत मार्टिन असू दे, सुदानमधून गुलाम म्हणून विकली गेलेली संत बखिता असू दे, आणि शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसणारा, नळाला हात लावायची मुभा नसलेला लहानगा भीमराव असू दे. तो इतिहासाच्या तासाला भेटतो आणि धर्माच्या तासाला हरवतो, असं होता कामा नये. बिशपांच्या परिषदेचं २०१६ चं धोरण प्रत्येक शिक्षकाच्या हातात मराठीत पडू दे. आणि ‘चायना’, ‘काळ्या’, ‘भंगी’ हे शब्द वर्गात उमटले की फळ्याकडे वळू नका. तिथेच थांबा. मी वळले होते, म्हणून सांगते.

यंदा सुट्टीनंतर मी त्याच मुलांना, आता ती आठवीत गेली आहेत, ती गोष्ट पुन्हा सांगितली, नियमासकट. प्रश्न विचारणारी ती मुलगी म्हणाली, “मग टीचर, ती पट्टी चुकीची आहे.” तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा वाढलाय, आता मागे बसतो. त्याने हात वर केला नाही, जागेवरूनच विचारलं, “तो नियम कुणी केला त्याचं नाव आहे का?” मी सांगितलं की तो एका माणसाचा नव्हता, बऱ्याच जणांनी मिळून चालवला होता. तो म्हणाला, “मग त्यांचं पण लिहा.”

पट्टीचा नवा मजकूर वर्गाने मिळून केला आहे. ‘संत मार्टिन दे पोरेस, १५७९ ते १६३९. आई काळी होती म्हणून मठाने त्यांना बरोबरीने घेतलं नाही, झाडू दिला. त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली. नियम चुकीचा होता.’ मुख्याध्यापिका सिस्टरांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, ‘मठाने’ हा शब्द ठेवायचाच का. मुलं म्हणाली, ठेवायचा. कागद सध्या त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली आहे.